फ्रेममध्ये आलेला हात

सरांना बाहेर फोटो काढायचा म्हटलं की कॅमेऱ्याच्या आधी पेरू लागायचा. राहात्यात पेरूला काय तोटा, पण सरांना कुठलाही चालायचा नाही. पिवळट हवा, एका बाजूने जरा खरबरीत हवा, देठाजवळ खळगा हवा. तो एका स्टुलावर ठेवायचा, शेजारी फ्लॅशचा स्टँड उभा करायचा, फ्लॅशवर कधी छत्री, कधी कापडी डबा, कधी चकचकीत परात चढवायची आणि फोटो काढून त्या खळग्यातली सावली न्याहाळत बसायचं. इकडे नवरा-नवरी गाडीत घामाने निथळतायत, मी केलेला मेकअप ओघळतोय, मी दातओठ खातेय, आणि हा माणूस आपला पेरूचे फोटो काढतोय! "पेरूला लाजवता आलं नाही, तर नवरीला काय लाजवणार आपण?" असं वर मलाच विचारायचे. मनासारखा उजेड मिळाला की त्याच पेरूच्या फोडी करून, तिखटमीठ लावून सगळ्यांना वाटायचे. पहिली फोड नवरीला.

सर म्हणजे चित्रकलेचे शिक्षक, निवृत्तीनंतर स्टुडिओ थाटलेले. मी मूळची पार्लरवाली. तासन् तास खपून मी नवऱ्या सजवायचे आणि फोटो काढणारे थेट कपाळावर फ्लॅश मारून त्यांची पार भाकरी करून टाकायचे. त्या संतापात मी कॅमेरा हातात घेतला आणि सरांच्या स्टुडिओत भागीदार झाले. सरांच्या पत्नी त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. दोघांची सगळी उमर एका स्टाफरूममध्ये गेली, त्यामुळे घरातही एकमेकांना 'सर' आणि 'बाई'च म्हणायचे. "बाई, चहा टाकता का?" "का, सरांना हात नाहीत?" असा त्यांचा संसार होता.

फ्लॅशचा उजेड मऊ करायला त्याच्यावर जे जे चढवतात, त्याला दुकानदार मॉडिफायर म्हणतात. सर 'भांडी' म्हणायचे, आणि प्रत्येक भांड्याला त्यांनी नाव ठेवलं होतं. सगळ्यात मोठा आठ कोनांचा सॉफ्टबॉक्स म्हणजे पाटलीणबाई. उजेड असा देणार की चेहऱ्यावर साय धरावी, पण बसायला जागा मोठी लागणार आणि वाऱ्याची झुळूक आली की उठून चालायला लागणार. पांढरी छत्री म्हणजे चुगलखोर, कारण एकाला सांगितलेला उजेड ती साऱ्या गावभर करते. परात दागिन्यांना बरी, माणसाच्या कातडीला वाईट. आणि पिशवीच्या तळाशी एक घडीचा लहानसा सॉफ्टबॉक्स पडलेला असायचा, त्याचं नाव नुसतं डबा. "डब्याचा उजेड मऊच असतो गं," सर म्हणायचे, "पण जवळ गेलं तर. लांबून धरलास की तोच उजेड खडबडीत होतो. लहान भांड्याला जवळ जावंच लागतं." मी म्हणायचे, मग वापरत का नाही? तर म्हणे, "जवळ नेला की फ्रेममध्ये येतो. कटकट नुसती."

स्टँडला ते बाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधायचे, वारा बघायला. काठ लोंबकळत असला तर पाटलीणबाई बाहेर काढायची, हलायला लागला तर छत्री, आणि पार आडवा झाला तर सगळी भांडी परत गाडीत. गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी या नियमात फरक नाही. भंडारदऱ्याला एकदा अख्खं वऱ्हाड धरणावर घेऊन गेलो आणि काठ आडवा झाला म्हणून नुसता चहा पिऊन परत आलो. चहाचे पैसे मुलीच्या बापाने आमच्या बिलातून कापले.

हे सगळं मी सहन केलं. पण सरांची एक खोड होती, तिने मात्र माझ्या तोंडचं पाणी पळायचं. सर कुणाचाच एकट्याचा, सरळ समोर बघणारा फोटो काढत नसत. कुणाचातरी हात खांद्यावर हवाच, नाहीतर कडेवर पोर हवं, शेळी हवी, काहीतरी हवं. अगदीच कुणी नसलं तर असं काही बोलायचे की माणूस डोळे मिटून खदाखदा हसायचा आणि तेवढ्यात खटका दाबायचे. मला आधी वाटलं, ही कलावंताची नाटकं. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचा एक लाडका विद्यार्थी होता, नुकतं लग्न झालेला. त्याचा त्यांनी झकास फोटो काढला होता, मळ्यात, संध्याकाळच्या उन्हात. महिना सरला नाही तोच पोरगं मोटारसायकलवरून गेलं. आणि चौकात फ्लेक्स लागला, काळी चौकट, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधे सरांनी काढलेला फोटो. "इतका चांगला उजेड दिला मी त्याला," सर म्हणाले, "आणि तो कशाला लागला बघ. त्या फ्लेक्सला असाच फोटो लागतो गं. एकटा आणि समोर बघणारा. आपण काढून ठेवला की तो लागतोच."

"सर, तुमच्या फोटोमुळे माणसं मरत नाहीत."

"मला कळतं ते," म्हणाले. "पण मी देणार नाही."

यावरून एकदा स्टुडिओ फुटायचा बाकी राहिला होता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्याला फ्लेक्ससाठी फोटो हवा, रुबाबदार, हात जोडलेला. सरांनी तो काढला, पण पुढाऱ्याची आई सोबत आली होती, तिला बाजूला उभं करून तिचा हात त्याच्या खांद्यावर ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते दारात.

"सर, ह्यो हात कुणाचा हाय?"

"त्यांच्या आईचा."

"आवो, पन फ्लेक्सवर आईचा नुस्ता हात कसा ठेवायचा? कापाया गेलं तर सायबाचा खांदा बी जातुय. आमाला एकट्याचा द्या."

"एकट्याचा नाही काढलेला."

"न्हाई काढला म्हंजी? हितं दुकान चालवायचंय का न्हाई तुमाला?"

एकाने स्टँडला लाथ घातली. मी धावत जाऊन तो सावरला. सर खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मग आईला पूर्ण घ्या की. मुलाच्या वाढदिवसाला आई चालत नाही का?" शेवटी मायलेकरांचा फ्लेक्स लागला. म्हातारी रोज भाजी आणायच्या निमित्ताने चौकात जाऊन तो बघून यायची, असं नंतर कानावर आलं.

स्वतःचा फोटो तर सरांनी देवाशप्पथ काढू दिला नाही. कॅमेरा त्यांच्याकडे वळवला की पेरू तोंडासमोर धरायचे. माझ्याकडे सरांचे ढीगभर फोटो आहेत, सगळ्यांत मानेवर पेरू.

मग बाईंचा रिपोर्ट आला. छातीत गाठ होती आणि ती चांगली नव्हती. नाशिकला भावाकडे राहून केमो घ्यायचं ठरलं, सोमवारी निघायचं. केस जातील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाईंची वेणी कमरेखाली यायची, अर्धी काळी, अर्धी पांढरी. अख्ख्या शाळेला ती वेणी माहीत होती. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या स्टुडिओत आल्या आणि आमच्या दोघांसमोर उभ्या राहिल्या.

"मला एक फोटो पाहिजे. एकटीचा. सरळ समोर बघणारा. पुणतांब्याच्या घाटावर."

बाईंचं माहेर पुणतांब्याचं. सर भांडी पुसत होते, ते पुसतच राहिले. "बघू," म्हणाले.

"बघू नाही. सोमवारच्या आत." मग माझ्याकडे वळल्या. "अगं, मी काही मरायला निघाले नाही. पण झालंच बरंवाईट, तर हे माझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चर्चमध्ये ठेवतील. त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते."

मी हसले. हसावं लागलं, नाहीतर रडले असते. सर हसले नाहीत.

तो आठवडा मला अजून आठवतो आणि अजून माझं डोकं फिरतं. रोज सकाळी सर पेरू मांडायचे, आणि रोज त्यांना नवी खोट सापडायची. छत्रीने म्हणे बाईंच्या चष्म्यात चमक येते. चष्मा काढायला सांगू, मी म्हटलं. तर चष्म्याशिवाय त्या बाई वाटत नाहीत. परात लावली तर गालाची हाडं वर येतात. पाटलीणबाई ठीक आहे, पण तिचं आतलं कापड पिवळं पडलंय. मग नवं कापड मागवलं. ते कुरिअरने आलं तर जास्तच पांढरं, त्यात बाई आजारी दिसतील. "दिसतील म्हणजे?" मी ओरडले. "आहेत त्या आजारी!" सरांनी ते कापड घडी करून परत खोक्यात घातलं. शुक्रवारी तयारी करून गाडीत बसलो, तर निघता निघता म्हणाले, आभाळ आलंय. आभाळात एक ढग होता. शनिवारी त्यांचं डोकं दुखत होतं.

बाई रोज संध्याकाळी तयार होऊन बसायच्या. मोतिया रंगाची साडी, वेणी पुढे घेतलेली. सर घरात शिरले की त्यांच्याकडे बघायच्या, त्यांनी मान हलवली की उठून साडी बदलायच्या. शनिवारी मला फोन आला. "हा माणूस फोटो काढणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता. मी त्यांना कधी असं ऐकलं नव्हतं. "तू कर काहीतरी. माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे."

रविवारी चर्चमधली भक्ती, म्हणजे प्रार्थना, आटोपली आणि उन्हं उतरायला लागली तशी मी व्हॅन घेऊन दारात उभी राहिले. बाई लगेच येऊन बसल्या, तरी हॉर्नवरचा हात काढला नाही. शेजारीपाजारी बाहेर आले तेव्हा कुठे सर आले, भांड्यांची पिशवी छातीशी धरून.

घाटावर पोचलो तर गोदावरीवरून वारा नुसता भणाणत होता. सरांनी स्टँड उभा केला, काठ बांधला. काठ आडवा झाला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं मला स्पष्ट दिसलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही न विचारता पाटलीणबाई चढवली. सर म्हणाले, "काठ बघ, काठ बघ." तेवढ्यात तिने वारा धरला. स्टँडसकट उचलली गेली आणि बाई बसल्या होत्या त्यांच्याच अंगावर चालून आली. मी झेप घेऊन लोखंड धरलं म्हणून, नाहीतर ते त्यांच्या डोक्यातच बसलं असतं. पाटलीणबाई फाटून पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात गेली. छत्री उघडली तर काड्याच उलट्या झाल्या. सूर्य पार खाली आलेला. बाई पायरीवर ताठ बसून, एक हात वेणीवर, सगळं बघत होत्या.

"आज नको," सर म्हणाले. "वारा आहे. परत आल्यावर काढू. निवांत."

"परत येईन तेव्हा ही वेणी असेल का?" बाईंनी विचारलं.

सर स्टँडला बांधलेला काठ सोडायला लागले. मग माझा तोल गेला. "सर, पुरे झालं! तुम्हाला उजेड सापडत नाहीये असं नाही. तुम्हाला फोटो काढायचाच नाहीये. फ्लेक्सची भीती तुम्हाला, आणि शिक्षा बाईंना?"

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हे मला हाकलून देणार. ते वाकले, पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि तो घडीचा लहान डबा बाहेर काढला. फ्लॅश स्टँडवरून उतरवला, त्याला डबा लावला, आणि स्वतःचा कॅमेरा माझ्या हातात दिला.

"तू काढ," म्हणाले. "मी उजेड धरतो. मला त्या काचेतून यांच्याकडे बघवणार नाही."

मी खाली बसले. सर बाईंच्या डावीकडे जाऊन उभे राहिले आणि हात लांब करून डबा त्यांच्या गालाजवळ नेला. मी खटका दाबला. काय सांगू, इतका सुंदर उजेड मी परत पाहिला नाही. पण चौकटीच्या कडेने डब्याची कड आत आली होती, आणि तो धरलेला सरांचा हात, मनगटापर्यंत, जुन्या घड्याळासकट.

"सर, हात येतोय फ्रेममध्ये."

"येऊ दे."

"येऊ दे काय?" बाई म्हणाल्या. "हात काढा."

"डबा लहान आहे बाई, जवळ धरला तरच मऊ पडतो. लांब गेलो तर सुरकुत्या दिसतील."

"दिसू द्यात. माझ्याच आहेत."

"वारा आहे, मला लांबून धरता येत नाही."

"खोटं बोलू नका. हात काढा म्हणते ना!" बाई मान वळवून त्यांच्यावर ओरडल्या. डोळ्यांत पाणी, कपाळावर आठी, ओठ उघडे, बटा वाऱ्यावर. माझं बोट खटक्यावरच होतं, ते दाबलं गेलं.

"नाही काढणार," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाजच फुटला. "मी हात काढला की तो फोटो तयार होतो. कळत कसं नाही तुम्हाला? मग तो असतोच घरात. वाट बघत."

बाईंनी उडणाऱ्या बटा कानामागे सारल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, फोटो नसला म्हणजे मी जाणार नाही का? मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. एवढं एक माझ्या मनासारखं करा."

सर एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. हात आणि डबा चौकटीबाहेर गेले. उजेड कडक झाला, गालावरच्या रेघा उठल्या. बाईंनी डोळे पुसले, वेणी पुढे घेतली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी तो फोटो काढला आणि सूर्य बुडाला. मग आम्ही परत निघालो. राहाता जवळ आल्यावर बाईंनी पर्समधून पेरू काढला, त्याच्या फोडी केल्या आणि पहिली सरांना दिली.

बाई बऱ्या झाल्या. वेळ लागला, हाल झाले, पण बऱ्या झाल्या. केस परत आले ते आखूड आणि कुरळे. सर म्हणायचे, आता या कॉन्व्हेंटच्या बाई दिसतात. घाटावरचा तो सरळ बघणारा फोटो मी चौकट करून दिला होता. बाईंनी तो साड्यांच्या खाली ठेवून दिला, वेळ आली तर शोधाशोध नको म्हणून. सर त्या कपाटाला कधी हात लावत नसत. स्वतःचा टॉवेलसुद्धा बाईंकडून मागून घ्यायचे.

आणि मग सरच गेले. झोपेत, काही न सांगता, आजारी नसताना. बाईंनी सकाळी चहा टाकून हाक मारली तेव्हा कळलं.

चर्चमध्ये स्मरणाची भक्ती ठेवायची ठरली आणि फोटोची शोधाशोध सुरू झाली. सरांचा पुतण्या माझ्याकडे आला. मी कॉम्प्युटर उघडला, तर पेरू, पेरू आणि पेरू. "आधार कार्डावरचा मोठा करू," पुतण्या म्हणाला, "फ्लेक्सवाला बसलाय." मी त्याच्यावर इतकी खेकसले की बिचारा बाहेरच जाऊन उभा राहिला. मग मी रडले, आणि रडता रडता घाटाचा दिवस उघडला. चुकून दाबला गेलेला तो फोटो तिथेच होता. मी तो छापून बाईंकडे नेला.

बाईंनी तो मांडीवर घेतला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "हाच मोठा कर."

"बाई, यात सर नाहीत. नुसता हात आहे."

"कर म्हणते ना."

भक्तीच्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. पुढे मेजावर मेणबत्ती, पांढरी फुलं आणि त्यात तो फोटो. माझ्या पाठीमागे कुजबुज सुरू झाली. "अगं, फोटो बाईंचा हाय. बाई तर त्या बसल्यात म्होरं. मग गेलं कोन?" कुणीतरी हसू दाबलं. पाळकसाहेब फोटोकडे बघत थांबले, घाम पुसला, मग खाली उतरून बाईंजवळ आले.

"बाई, काहीतरी गडबड झालीय का? हा तर तुमचा फोटो. सर कुठे आहेत यात?"

बाई उठून उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशा, ताठ.

"पाळकसाहेब, नीट बघा," म्हणाल्या. "मी भांडतेय ना त्यात? मग कुणाशी भांडतेय?"